बंद दार आणि उघडे तळे

१९१७ सालच्या सप्टेंबर महिन्यातली गोष्ट. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेला २६ वर्षांचा एक तरुण बडोद्याला उतरला. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकला होता आणि कराराप्रमाणे आता संस्थानची नोकरी करणार होता. नोकरी ठरलेली होती. राहायचे कुठे, हे मात्र ठरलेले नव्हते. हिंदूंच्या खाणावळीत अस्पृश्याला जागा मिळणे शक्य नव्हते, म्हणून तो एका पारशी धर्मशाळेत गेला. हा पारशी नाही, हे तिथल्या सांभाळणाऱ्याच्या लक्षात आले. पण धर्मशाळा ओस पडलेली होती आणि त्यालाही चार पैसे हवे होते. रजिस्टरात पारशी नाव लिहायचे, या अटीवर खोली मिळाली.

अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव जिना चढून वर आला. रजिस्टरातले नाव खोटे असल्याचे बाहेर फुटले होते. संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचा हुकूम झाला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारून पाहिले, पण दोघांनाही आसरा देणे जमले नाही. सार्वजनिक बागेत काही तास बसून त्या तरुणाने रात्रीची मुंबईची गाडी पकडली. भीमराव रामजी आंबेडकर हे त्या तरुणाचे नाव.

बाबासाहेबांचे चरित्र आपल्यापैकी बहुतेकांना शाळेपासून ठाऊक आहे. तरीही ते आज एका वेगळ्या प्रश्नासाठी पुन्हा वाचण्यासारखे आहे. आपल्याबद्दलची माहिती कोणाच्या हाती जाते आणि तो तिचे काय करतो, हा तो प्रश्न. मोबाईल फोनने तो आता घराघरात आणून ठेवला आहे.

दुसरा प्रसंग आपल्याच भागातला आहे. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, तेव्हा निजामाच्या राज्यात होते. मंडळींनी ठरवले होते की जिथे मुक्काम असेल तिथल्याच आपल्या माणसांना कळवायचे आणि बाकी प्रवासात आपण कोण हे कोणाला सांगायचे नाही. दौलताबादच्या किल्ल्याशी गाडी थांबली. धुळीने माखलेल्या मंडळींनी तिथल्या हौदावर हातपाय धुतले. तेवढ्यात अस्पृश्यांनी पाणी बाटवल्याची ओरड करीत एक वृद्ध मुसलमान गृहस्थ धावत आले आणि बघता बघता जमाव गोळा झाला. तुम्ही तुमच्या धर्मात हेच शिकता काय, असे बाबासाहेबांनी संतापून विचारले, तेव्हा लोक जरा वरमले. किल्ला पाहायला परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला हात लावू नये म्हणून एक हत्यारबंद शिपाई सोबत देण्यात आला. हे दोन्ही प्रसंग पुढे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले.

या दोन प्रसंगांतून एक गोष्ट लख्ख दिसते. खासगीपणा ही श्रीमंतांची चैन आहे, असे आपण सहज बोलून जातो. माझ्याकडे लपवण्यासारखे काय आहे, असेही म्हणतो. बाबासाहेबांकडे तरी लपवण्यासारखे काय होते? त्यांनी कोणताही गुन्हा केला नव्हता. तरीही एका माहितीपायी डोक्यावरचे छप्पर गेले आणि पाण्यावर पहारा बसला. माहिती निरुपद्रवी आहे की घातक, हे ती ज्याच्या हाती पडते त्याच्या ताकदीवर ठरते.

पण खासगी या शब्दाला दुसरीही बाजू आहे, आणि बाबासाहेबांइतकी ती क्वचितच कोणी ओळखली असेल. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. विरोधक कोर्टात गेले आणि तळे खासगी मालकीचे असल्याचा दावा करू लागले. दहा वर्षे खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. माणसाची खोली त्याची स्वतःची असते. साऱ्या गावाने जिथे पाणी भरायचे, त्या तळ्यावर मात्र कोणाला खासगीची पाटी लावता येत नाही. हा भेद त्यांनी आयुष्यभर सांभाळला.

१९४७ च्या मार्चमध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी घटनेसाठी एक निवेदन तयार केले. त्यात या भेदाच्या दोन्ही बाजू सापडतात. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची विनाकारण झडती होऊ नये, असे एक कलम होते. त्याच निवेदनात मूलभूत उद्योग आणि विमा सरकारच्या मालकीचे असावेत, असाही आग्रह होता. सरकारचा हात आखडला की गरिबाला स्वातंत्र्य मिळते असे नाही, घरभाडे नि कामाचे तास वाढवण्याची मोकळीक मालकाला मिळते, हा त्यामागचा विचार. अन्नाला मोताद झालेला माणूस आपले हक्क स्वतःच सोडून देतो, हेही त्यांनी बजावले होते.

झडतीविरुद्धचे कलम मात्र टिकले नाही. पोलिसांच्या तपासात अडथळा येईल, असा आक्षेप निघाला. ३ डिसेंबर १९४८ रोजी मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी घटना समितीत तशीच दुरुस्ती मांडली. असे संरक्षण फौजदारी कायद्यात आहेच, पण कायदेमंडळाला ते काढून घेता येऊ नये म्हणून घटनेत असलेले बरे, असे म्हणत बाबासाहेबांनी तिला अनुकूलता दाखवली. तरीही अखेर ती मंजूर झाली नाही. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने याच उणिवेवर बोट ठेवून खासगीपणाचा हक्क मानला नाही. तो निकाल पुसला जायला ६३ वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने हा हक्क मूलभूत ठरवला.

त्यानंतर २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम जाहीर झाले. माहिती कशासाठी हवी ते आधी सांगा, संमती घ्या, काम झाले की पुसून टाका, १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांना विचारा, असा त्याचा गाभा. कसूर करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा केंद्र सरकारने त्यात राखून ठेवली आहे. झडतीच्या कलमावर १९४७ साली जो आक्षेप निघाला, त्याचीच ही सावली.

आणि तळ्याचे काय? व्हॉट्सॲपने २०२१ साली नवे धोरण आणले: मान्य करा, नाहीतर ॲप सोडा. शाळेचा निरोप, दूधवाल्याचा हिशेब, परदेशातल्या मुलाची खुशाली, सारे ज्या पाणवठ्यावर चालते तो सोडून माणूस जाणार कुठे? याच कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर अपिले झाली. बाबासाहेबांच्या तोंडी आजचे शब्द घालणे बरोबर नाही, त्यांच्या काळी यातले काहीच नव्हते. पण खोली आणि तळे यांची अदलाबदल झालेली त्यांना नक्कीच ओळखता आली असती. आमच्या खोलीचे दार सताड उघडे आहे आणि कंपन्या आपला हिशेब मात्र खासगी म्हणून बंद ठेवतात.

ज्या मुलखात पाण्यावर पहारा बसला, तिथेच बाबासाहेबांनी १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय काढले. तेच आजचे नागसेनवनातले मिलिंद. प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे नाव त्याला देण्यात आले.

आज या शहरातला विद्यार्थी शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीच्या संकेतस्थळावर अर्ज भरतो. जात, उत्पन्न, आधार, बँकखाते, सारे त्यात लिहितो. लिहायलाच हवे, कारण ज्या माहितीने बडोद्याची खोली गेली, तीच माहिती इथे शिक्षणाचे दार उघडते. म्हणूनच ती ज्या कामासाठी दिली त्याच कामाला लागली पाहिजे. अर्जाखालच्या चौकोनात खूण करण्यापूर्वी हे कशाला हवे आणि कोण पाहणार, एवढे विचारायची सवय घरातल्या मुलामुलींना लावता येईल. मिलिंद राजाच्या नावाने उभ्या राहिलेल्या महाविद्यालयाच्या गावात प्रश्न विचारणे अवघड वाटू नये.