लस आधी कोणाला, कुत्र्याला की माणसाला?

दर वर्षी २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन पाळला जातो. ही तारीख लुई पाश्चर यांच्या पुण्यतिथीची आहे. १८९५ मध्ये याच दिवशी पॅरिसजवळ त्यांचे निधन झाले. दुधाच्या पिशवीवर छापलेल्या 'पाश्चराइज्ड' या शब्दातून त्यांचे नाव रोज आपल्या घरात येते. माझ्यासारख्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरला मात्र ते आठवतात श्वानदंशाच्या रुग्णांची रांग पाहून. कुत्रा तर ओळखीचाच होता, जखम तर एवढीशी आहे, मग लस घ्यावी का, हा प्रश्न त्या रांगेत रोज विचारला जातो. मांजर पाळणारेही विचारतात की आमची मनी दिवसभर गावभर हिंडते, तिला लस टोचावी का? जो आज धडधाकट आहे त्याला सुई टोचायची की नाही, हा प्रश्न पाश्चर यांच्यापुढे कितीतरी अवघड रूपात उभा राहिला होता.

त्यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्सच्या पूर्वेकडील डोल या गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. बालपण आर्ब्वा या लहानशा गावात गेले. १८३१ मध्ये त्या भागात एका पिसाळलेल्या लांडग्याने धुमाकूळ घातला आणि अनेकांना चावे घेतले. जखम तापलेल्या लोखंडाने डागणे हा त्या काळचा उपाय. आठ-नऊ वर्षांच्या लुईने गावच्या लोहाराच्या भट्टीपाशी एका माणसाला असे डागताना पाहिले. डागूनही माणसे दगावली. आपल्याकडेही कुत्रा चावला की जखमेवर मिरचीपूड, चुना, हळद लावणारे लोक आजही भेटतात. उपाय नसला की माणूस काहीतरी करून पाहतोच.

पाश्चर डॉक्टर नव्हते, पशुवैद्यही नव्हते. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक. टार्टारिक आम्लाच्या स्फटिकांपासून त्यांनी सुरुवात केली. मद्य का आंबते, बिघडते का, याचा शोध घेताना ते सूक्ष्मजीवांपर्यंत पोहोचले. रेशमाच्या किड्यांवरील रोगाने दक्षिण फ्रान्सचा धंदा बुडत होता, तेव्हा सरकारने त्यांना तिकडे पाठवले. या काळात घरात दुःखामागून दुःख आले. पाच अपत्यांपैकी तीन मुली लहानपणीच गेल्या, त्यांतल्या दोघी विषमज्वराने. १८६८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पाश्चर यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची डावी बाजू कायमची अधू झाली. लशींवरचे त्यांचे सगळे काम यानंतरचे आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

लशीची वाट त्यांना कोंबड्यांनी दाखवली. १८७९ च्या सुमारास ते कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा अभ्यास करीत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जुने झालेले जंतू टोचले तर कोंबड्या थोड्या आजारी पडून बऱ्या झाल्या. त्यांनाच पुढे ताजे, जहाल जंतू टोचले तरी त्या जगल्या. जंतू दुबळा करून टोचला तर शरीर त्याची ओळख ठेवते, हे यातून उमगले. एडवर्ड जेन्नर यांनी गोस्तन देवीच्या मदतीने माणसाच्या देवीपासून संरक्षण दिले होते, त्याला ऐंशीहून अधिक वर्षे झाली होती. ती निसर्गाने दिलेली देणगी होती. आता तसेच संरक्षण प्रयोगशाळेत तयार करता येईल, असे दिसू लागले. गायीच्या लॅटिन नावावरून आलेला 'व्हॅक्सिन' हा शब्द सगळ्याच लशींना वापरावा, ही सूचना पाश्चर यांनीच जेन्नर यांच्या सन्मानार्थ केली.

पुढची परीक्षा उघड्या मैदानात झाली. अँथ्रॅक्स म्हणजे काळपुळीने फ्रान्समधल्या मेंढ्या-गायी मरत होत्या. मे १८८१ मध्ये पुई-ल-फोर या गावातल्या एका शेतावर २४ मेंढ्या, एक शेळी आणि सहा गुरांना दोन वेळा लस टोचली. शेजारी २४ मेंढ्या, एक शेळी आणि चार गुरे लशीविना ठेवली. ३१ मे रोजी सर्वांना जहाल जंतू टोचले. २ जूनला पशुवैद्य, शेतकरी आणि पत्रकार जमले तेव्हा लस घेतलेली जनावरे उभी होती. लस न घेतलेल्या मेंढ्या आणि शेळी त्या दिवसअखेर मेली, चार गुरांच्या अंगावर मोठी सूज आली. पाश्चर यांचे नाव गावोगाव पोहोचले. मात्र ही लस नेमकी कोणत्या पद्धतीने दुबळी केली होती, हे त्यांनी तेव्हा स्पष्ट सांगितले नाही. ती त्यांचे सहकारी शांबेरलाँ यांच्या रासायनिक पद्धतीने केलेली होती, हे पुढे त्यांच्या वह्यांवरून उघड झाले. थोर माणसाच्या चरित्रात ही नोंदही असायला हवी.

याच सुमारास त्यांनी रेबीज हाती घेतला. हा रोग फ्रान्समध्ये फार माणसे मारत नव्हता, पण त्याची दहशत मोठी होती. पाणी पाहताच घशाला येणारे आचके, शुद्धीत असताना होणारी तडफड आणि ठरलेला मृत्यू. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजवर आजही खात्रीचा उपचार नाही. रेबीजचा विषाणू त्या काळच्या सूक्ष्मदर्शकात दिसत नव्हता आणि काचपात्रात वाढतही नव्हता. तेव्हा पाश्चर आणि त्यांचे तरुण सहकारी एमिल रू यांनी तो सशांच्या मज्जासंस्थेत वाढवला. रेबीजने मेलेल्या सशाचा मज्जारज्जू कोरड्या हवेच्या बाटलीत टांगून ठेवला, की दिवसागणिक त्याचा जहालपणा कमी होई. पंधरा दिवस सुकवलेला जवळजवळ निरुपद्रवी, एक दिवस सुकवलेला प्राणघातक. कुत्र्यांना सुकलेल्यापासून ताज्याकडे अशा क्रमाने टोचत गेले, तर कुत्रे सुरक्षित राहतात असे दिसले. १८८४ मध्ये सरकारी समितीनेही हे तपासून पाहिले.

आता प्रश्न आला की ही लस द्यायची कोणाला? रोग कुत्र्यांमुळे पसरतो, म्हणून कुत्र्यांनाच द्यावी, हे सरळ उत्तर. पण हिशेब जुळेना. एकट्या पॅरिसमध्ये एक लाखाहून अधिक कुत्री, बाकी फ्रान्समध्ये सुमारे २५ लाख. प्रत्येकाला अनेक वेळा टोचायचे आणि प्रत्येक खेपेला रेबीजने मेलेला ससा हवा. एवढे ससे, एवढे हात, एवढे पिंजरे कुठून आणायचे? शेवटी पाश्चर यांनी रोगाचीच एक खोड वापरायचे ठरवले. चावा आणि लक्षणे यांच्यामध्ये बहुधा काही आठवडे जातात, कारण विषाणू नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो. चावा झाल्यावर लगेच लस सुरू केली, तर विषाणू मेंदूत पोहोचण्याआधी शरीर तयार होऊ शकते. म्हणजे लस सगळ्यांना देण्याऐवजी फक्त चावलेल्यांना देता येईल.

६ जुलै १८८५ रोजी अल्सास प्रांतातून जोसेफ माइस्टर हा नऊ वर्षांचा मुलगा आईबरोबर पॅरिसला आला. दोन दिवसांपूर्वी कुत्रा त्याला १४ ठिकाणी चावला होता. इथे निर्णयाची खरी कसोटी होती. पिसाळलेला कुत्रा चावलेल्या प्रत्येकाला रेबीज होतोच असे नाही. हा मुलगा लशीविनाही वाचू शकला असता. उलट लशीच्या शेवटच्या टप्प्यात त्याच्या अंगात जहाल विषाणू जाणार होता, आणि त्यानेच तो मेला असता तर? आधी रेबीजची लक्षणे दिसणाऱ्या दोन रुग्णांवर पाश्चर यांनी इंजेक्शनचा प्रयत्न केला होता. त्यांतली एक मुलगी दगावली होती. माइस्टरवर वापरायच्या नेमक्या क्रमाचे कुत्र्यांवरचे प्रयोगही पुरे झालेले नव्हते. हे त्यांच्या वह्या विसाव्या शतकात अभ्यासकांसाठी खुल्या झाल्यावर कळले. रू यांनी या उपचारापासून स्वतःला दूर ठेवले.

पाश्चर यांनी व्ह्युल्पियाँ आणि ग्रांशे या दोन डॉक्टरांचा सल्ला घेतला. जखमा खोल आणि अनेक आहेत, मृत्यूचा धोका मोठा आहे, असे दोघांचे मत पडले. त्याच संध्याकाळी ग्रांशे यांनी पहिले इंजेक्शन दिले, कारण पाश्चर यांना वैद्यकीचा परवाना नव्हता. पुढच्या दिवसांत मिळून १३ इंजेक्शने झाली. मुलाच्या अंगात अधिकाधिक ताजा विषाणू जात होता आणि पाश्चर यांची झोप उडाली होती. मुलगा वाचला. मोठेपणी तो पाश्चर संस्थेत दारवान म्हणून कामाला होता. ऑक्टोबरमध्ये झां-बातिस्त ज्युपिय हा पंधरा वर्षांचा गुराखी आला. लहान मुलांना वाचवण्यासाठी तो पिसाळलेल्या कुत्र्याशी झुंजला होता. तोही वाचला.

पण लुईझ पेलेतिए ही दहा वर्षांची मुलगी वाचली नाही. चावा डोक्याला झालेला, आणि तिला आणले ३७ दिवसांनी. फार उशीर झाला आहे आणि ती गेली तर उपचाराचीच बदनामी होईल, हे पाश्चर जाणून होते. तरीही त्यांनी नाही म्हटले नाही. ३ डिसेंबर १८८५ रोजी ती गेली. टीकाकारांना निमित्त मिळाले, तरी रुग्ण येत राहिले. मार्च १८८६ मध्ये रशियातल्या स्मोलेन्स्कहून लांडग्याने चावलेली १९ माणसे आली, त्यांतली १६ जगली. लोकवर्गणीतून पॅरिसला पाश्चर संस्था उभी राहिली आणि १४ नोव्हेंबर १८८८ रोजी तिचे उद्घाटन झाले. पाश्चर तेव्हा इतके थकलेले होते की त्यांचे भाषण मुलाने वाचून दाखवले. सात वर्षांनी त्यांचे निधन झाले.

त्या संस्थेतून आलेले वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. रेबीजसाठी १९०० मध्ये कसौलीला आणि १९०७ मध्ये कुन्नूरला पाश्चर संस्था सुरू झाल्या. कसौलीतच डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली. पोटातली ती १४ इंजेक्शने आपल्या आधीच्या पिढ्यांना चांगली आठवतात. त्या लशीने क्वचित पक्षाघातही होई. २००४ च्या अखेरीस तिचे उत्पादन भारतात थांबले. आजची लस दंडावर टोचतात, ती सुरक्षित आहे आणि सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. त्यामुळे पाश्चर यांना रात्र रात्र छळणारा तोल आज आपल्यासाठी एका बाजूला पूर्ण झुकला आहे. कुत्रा किंवा मांजर चावले, ओरखडले, की जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रक्त आले असेल तर जखमेत सिरमचे इंजेक्शनही लागते. पेलेतिएसारखा उशीर करू नका.

आणि कुत्र्यांचे काय? पाश्चर यांनी जो मार्ग अशक्य म्हणून सोडला, तो आता शक्य आहे, कारण कुत्र्यांची लस स्वस्त आहे. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस दिली, तर रोगाची साखळी तुटते. गोव्यात रस्तोरस्ती फिरून, जाळीने पकडून कुत्र्यांना लस दिली गेली. २०१७ नंतरची काही वर्षे तिथे रेबीजने एकही माणूस दगावल्याची नोंद झाली नाही.

राहिला हिंडणाऱ्या मनीचा प्रश्न. रेबीजची लस तिला द्यायलाच हवी, त्यात तिच्याबरोबर घरातली माणसेही सुरक्षित होतात. मांजरांच्या ल्युकेमियाचे गणित वेगळे आहे. हा विषाणू १९६४ मध्ये ग्लासगोत सापडला, आणि त्यावरची पहिली लस १९८५ मध्ये, म्हणजे माइस्टरनंतर बरोबर शंभर वर्षांनी बाजारात आली. तो माणसाला होत नाही. मांजरे एकमेकांना चाटतात, चावतात, तेव्हा लाळेतून पसरतो. इथे पाश्चर यांची युक्ती चालत नाही, कारण एकदा लागण झाली की लशीचा उपयोग नसतो. म्हणून आधी रक्ततपासणी, मग लस. कायम घरातच राहणाऱ्या एकट्या, प्रौढ मांजरीला तिची गरज सहसा नसते. पिल्लांना आणि बाहेर इतर मांजरांत मिसळणाऱ्यांना असते. टोचल्या जागी गाठ होण्याचा धोका असतो, पण तो फार क्वचित. आपली मांजर किती बाहेर जाते, कोणाबरोबर भांडते, हे पशुवैद्यकांना नीट सांगा. पाश्चर यांनीही आधी जखमा मोजल्या, दिवस मोजले, दोन जाणकारांना विचारले आणि मगच सुई हाती घ्यायला सांगितले.