डॉ. सलीम अली : डिग्री नव्हती, नोकरी गेली, पण पाखरं सुटली नाहीत

मुंबईच्या खेतवाडीत दहा-बारा वर्षांचा एक यतीम मुलगा छऱ्याच्या बंदुकीनं चिमण्या मारत फिरायचा. मारलेली चिमणी रीतसर हलाल करायची आणि तिचा रस्सा करायचा, असा त्याचा उद्योग. एके दिवशी हाती आलेल्या चिमणीच्या गळ्यावर हळद सांडल्यासारखा पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे. मग ही खायला चालते की नाही? मुलगा चिमणी घेऊन मामूंकडे गेला.

मामू अमीरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद. पण जात त्यांनाही ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला सोसायटीचे सेक्रेटरी मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. तो काळ इंग्रजांचा, पोरगा घाबरत घाबरतच गेला. मिलार्ड साहेबांनी पक्षी ओळखला, पीतकंठी चिमणी. मग एकेक खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. खाण्याचा प्रश्न बाजूलाच राहिला आणि त्या दिवसापासून सलीम अली पाखरांचे झाले.

जन्म 12 नोव्हेंबर 1896 चा, सुलेमानी बोहरा घराण्यातला, भावंडांत सर्वांत धाकटा. वर्षाचा असताना वालिद मोईझुद्दीन गेले, तीन वर्षांचा असताना आई झीनतुन्निसा गेली. मूलबाळ नसलेल्या हमीदा बेगम आणि मामूंनी या मुलांना वाढवलं. काँग्रेसचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी याच खानदानातले, म्हणजे घर शिकलेलं आणि खातंपितं. पण सलीमचं मन अभ्यासात रमेना. त्यात डोकेदुखीचा त्रास. 1913 ची मॅट्रिक कशीबशी पार पडली. पुढे घरच्या टंगस्टनच्या खाणी आणि लाकडाचा धंदा सांभाळायला त्याला ब्रह्मदेशात तव्हॉयला धाडलं. आता जंगलात पाठवलेल्या या माणसाचं लक्ष हिशेबाच्या वहीत राहणार होतं का? धंदा बुडाला. मधल्या काळात मुंबईला येऊन त्यांनी दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकून घेतला. सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांच्या आग्रहावरून प्राणिशास्त्राचाही अभ्यास केला, पण युनिव्हर्सिटीची डिग्री काही पदरात पडली नाही.

हीच गोष्ट नडली. सरकारी प्राणिशास्त्र विभागात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली, तेव्हा डिग्री नाही म्हणून ती दुसऱ्याला मिळाली. 1926 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चररची नोकरी लागली. लोकांना कपाटातले प्राणी-पक्षी समजावून सांगायचे. दोन वर्षांत त्यांना जाणवलं की आपलं शिक्षण तोकडं आहे. रजा काढून ते बर्लिनला गेले आणि तिथल्या म्युझियममध्ये एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांच्या प्रवासाचा माग कसा काढतात, तेही जर्मनीतच पाहिलं. 1930 मध्ये परत आले तर पैशाअभावी म्युझियमनं त्यांची जागाच रद्द केलेली.

वय तेहतीस. बायको आहे, पगार नाही. आपल्याकडे अशा वेळी नातेवाईक काय काय सुचवतात ते सांगायला नको! 1918 मध्ये त्यांचा निकाह तहमीना बेगम यांच्याशी झाला होता. माझ्या मते सलीम अलींच्या गोष्टीत या बाईंचं नाव फार घाईत उरकलं जातं. मुंबईचा खर्च परवडेना म्हणून दोघं अलिबागजवळ किहीमला, समुद्रकाठच्या घरी राहायला गेले. तिथे शेजारीच सुगरण पक्ष्यांची वस्ती होती.

पावसाळाभर सलीम अली लपणीत बसून सुगरणीची घरटी बघत राहिले. नोकरी नव्हती, त्यामुळे वेळच वेळ होता. कोणत्या नरानं कोणतं घरटं कधी सुरू केलं, कोणती मादी कधी आली, सगळं टिपून ठेवलं. त्यातून जे दिसलं ते तोवर कुणी नीट मांडलं नव्हतं. नर घरटं अर्धवट विणतो आणि थांबतो. माद्या येऊन ते आतून-बाहेरून तपासतात. एखादीला पसंत पडलं की ती ताबा घेते, मग नर उरलेलं विणकाम पुरं करतो. ती अंड्यावर बसली की हा पठ्ठ्या जवळच दुसरं घरटं बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. नापसंत घरटी तशीच लोंबकळत राहतात. सुगरण म्हणून आपण जिच्या विणकामाचं कौतुक करतो, ते विणकाम खरं तर नराचं! या अभ्यासानं त्यांचं नाव जगभरच्या पक्षितज्ज्ञांपर्यंत पोचलं.

मग त्यांनी एक अजब सौदा काढला. संस्थानांना कळवलं की तुमच्या मुलुखातल्या पक्ष्यांची पाहणी करून देतो, पगार नको, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा पाहण्या झाल्या. तहमीना बेगम तंबूत, बैलगाडीत, पावसापाण्यात बरोबर असत. 1939 मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचा इंतकाल झाला. मूलबाळ नव्हतं. सलीम अली बहिणीकडे राहू लागले आणि पुन्हा निकाह केला नाही. दोनच वर्षांनी, 1941 मध्ये, भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. सामान्य माणसाला चित्र बघून पक्षी ओळखता यावा, असं ते पुस्तक आजही छापलं जातं. पुढे डिलन रिप्ली यांच्यासोबत 1968 ते 1974 दरम्यान दहा खंडांचा मोठा ग्रंथ झाला.

त्यांनी बंदूक मात्र टाकली नव्हती. अभ्यासासाठी नमुने लागतात, म्हणून ते पक्षी मारत आणि ते लपवतही नसत.

1957 मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडे माकडतापाची साथ दिसली. रशियातल्या एका तापाशी त्याचा विषाणू मिळताजुळता होता, त्यामुळे हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे पक्षी तो आणतात की काय, अशी शंका निघाली. जागतिक आरोग्य संघटनेनं पैसा दिला आणि सोसायटीनं हजारो पक्ष्यांच्या पायात कडी घातली. राजस्थानातलं भरतपूर हे त्याचं एक मोठं केंद्र. तिथल्या तलावावर 1938 मध्ये एकाच दिवशी 4,273 पक्षी मारले गेले होते. शिकारीची ती जागा अभयारण्य आणि पुढे राष्ट्रीय उद्यान झाली, त्यात सलीम अलींचा मोठा वाटा.

इथेच त्यांचा एक अंदाज चुकला, आणि तो सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरं होत नाही. गावकऱ्यांच्या म्हशी उद्यानात चरू नयेत, या मताचे ते होते. 1982 मध्ये चराईबंदी आली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे जनावरं चारणारे लोक चिडले, पोलिसांनी गोळीबार केला आणि गावकरी मारले गेले. त्याच सुमारास सोसायटीच्याच शास्त्रज्ञांचा तिथे दहा वर्षांचा अभ्यास चालू होता. किहीमला जे सलीम अलींनी केलं तेच हे लोक मोठ्या प्रमाणावर करत होते. एका जागी बसून, वर्षानुवर्षं नोंदी.

1976 मध्ये पद्मविभूषण मिळालं, 1985 मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली, आत्मचरित्र आलं, त्याच्या नावातही चिमणीच. आंतरराष्ट्रीय पारितोषिकाचा पैसा आला तो निसर्गरक्षणाच्या निधीत गेला. 20 जून 1987 रोजी, नव्वदीत, मुंबईत त्यांचा इंतकाल झाला.

भरतपूरच्या अभ्यासाचा निकाल त्यानंतर आला. म्हशी गेल्यामुळे पाण्यातलं गवत बेसुमार वाढलं होतं. बदकांना पोहायला, चरायला लागणारं मोकळं पाणी त्यानं झाकून टाकलं होतं. जे गवत म्हशी फुकटात खात, ते कापून न्यायला पुढे गावकऱ्यांनाच आत सोडावं लागलं.