परवानगीपत्रातून उभी राहिलेली चळवळ

बदलापूरजवळच्या सोनिवलीसारख्या वस्तीतून शाळकरी मुलांची तुकडी मलंगगड किंवा चंदेरीच्या दिशेने निघते, तेव्हा तिच्यामागे बरीच तयारी झालेली असते. मुख्याध्यापकांची मंजुरी, पालकांची संमतीपत्रे, आवश्यक तेथे वन खात्याची परवानगी, शिध्याचा हिशेब, प्रथमोपचार पेटी आणि मुलांची जबाबदारी घेणारा जाणता माणूस हे सारे आधी जमवावे लागते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले, त्यामागेही सुरक्षिततेचाच विचार होता. मुलांना मोकळ्या रानात न्यायचे आणि सुखरूप परत आणायचे, या प्रश्नाला एका शतकापूर्वी शिस्तबद्ध रूप देणाऱ्यांत रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचे नाव अग्रभागी आहे.

२२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडनमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील ऑक्सफर्ड येथे भूमितीचे प्राध्यापक होते. रॉबर्ट तीन वर्षांचे असतानाच त्यांचे निधन झाले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आई हेन्रिएटा यांच्यावर आला. चार्टरहाऊस शाळेत शिकताना वर्गापेक्षा शाळेलगतची झाडी त्यांना अधिक प्रिय होती. प्राण्यांचा माग काढणे आणि धूर न होऊ देता चूल पेटवणे ते तेथेच शिकले. सुट्टीत भावांबरोबर नौकेतून भटकंती होत असे.

१८७६ मध्ये घोडदळात अधिकारी म्हणून दाखल होऊन ते लखनौला आले. पुढे १८९७ मध्ये मेरठ येथे एका घोडदळ पलटणीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. तेथे त्यांनी सैनिकांना लहान गटांत विभागून टेहळणीचे शिक्षण दिले. हुकमाची वाट न पाहता परिस्थिती वाचून निर्णय घेणारा सैनिक त्यांना घडवायचा होता. या अनुभवावर आधारित त्यांचे छोटेखानी पुस्तक १८९९ मध्ये निघाले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले आणि मॅफेकिंगच्या २१७ दिवसांच्या वेढ्याने बेडन-पॉवेल इंग्लंडमध्ये घराघरांत पोहोचले. वेढ्यात निरोप पोहोचवण्यासारखी कामे किशोरवयीन मुलांनी चोख केली होती. अर्थात या कीर्तीला काळी बाजूही आहे. वेढ्यातील कृष्णवर्णीय रहिवाशांच्या वाट्याला आलेल्या उपासमारीबद्दल इतिहासकारांनी त्यांच्यावर कठोर टीका केली आहे.

मायदेशी परतल्यावर आपले सैनिकी पुस्तक मुले आवडीने वाचतात, हे पाहून त्यांना आश्चर्य वाटले. बॉइज ब्रिगेडचे संस्थापक विल्यम स्मिथ यांनी ते मुलांसाठी नव्याने लिहिण्यास सुचवले. मात्र लिहिण्याआधी कल्पनेची परीक्षा घ्यावी, असे बेडन-पॉवेल यांनी ठरवले.

या परीक्षेसाठी त्यांनी पूल बंदरातील ब्राउनसी बेट निवडले. लहानपणी नौकेतून फिरताना त्यांनी ते पाहिलेले होते. बेटाचे मालक चार्ल्स व्हॅन राल्ट यांची त्यांनी रीतसर परवानगी मिळवली. मग पालकांना पत्रे गेली. शिबिरात काय शिकवले जाईल आणि जेवणाची व स्वच्छतेची व्यवस्था कोणाकडे असेल, याची माहिती त्यांत होती. राष्ट्रीय कीर्तीच्या सेनानीला नुसत्या नावावर मुले मिळाली असती. तरीही त्यांनी आईवडिलांना विश्वासात घेतले. मुलांनाही काही गाठी आधीच शिकून येण्याची अट होती. श्रीमंत शाळांतील मुलांना एक पौंड, तर कामकरी कुटुंबांतील मुलांना साडेतीन शिलिंग शुल्क ठेवण्यात आले.

ऑगस्ट १९०७ च्या पहिल्या दिवसापासून सुमारे वीस मुले तेथे आठवडाभर राहिली. ईटन, हॅरोसारख्या शाळांची मुले आणि परिसरातील साध्या घरांची मुले एकाच तंबूत झोपली. वर्गभेद पाळणाऱ्या तत्कालीन इंग्लंडमध्ये ही साधी गोष्ट नव्हती. मुलांचे चार संघ पाडून प्रत्येकाला एक संघनायक दिला होता. प्रत्येक दिवसाचा विषय ठरलेला असे. दुपारी सक्तीची विश्रांती, सायंकाळी शेकोटीभोवती गोष्टी आणि रात्री एका संघावर पहारा, असा क्रम होता. शिबिराच्या जमाखर्चात सुमारे चोवीस पौंडांची तूट आली. ती एका पालकाने भरून काढली.

जानेवारी १९०८ पासून ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक पाक्षिक भागांत प्रसिद्ध होऊ लागले. ते हाती पडताच मुलांनी ठिकठिकाणी आपणहून पथके काढली. १९०९ च्या लंडन मेळाव्यात मुलीही येऊन उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी बहीण ॲग्नेस यांच्या मदतीने गाइड संघटना सुरू झाली आणि बेडन-पॉवेल यांनी सैन्यातून निवृत्ती घेतली.

चळवळ वेगाने वाढली. तिच्या जबाबदारीचे ओझेही वाढले. ४ ऑगस्ट १९१२ रोजी लंडनच्या वॉलवर्थ भागातील पथक नौकेतून शिबिराला निघाले असता लेसडाऊनच्या किनाऱ्याजवळ वादळी झोताने नौका उलटली. नऊ मुले बुडाली. त्यांतील आठ स्काऊट होती. बरोबर प्रौढ माणसे होती आणि किनाराही दूर नव्हता. अंत्ययात्रेला लंडनमध्ये प्रचंड गर्दी लोटली. उत्साह आणि सदिच्छा पुरेशा नसतात, हा धडा चळवळीला मोठी किंमत देऊन मिळाला. पाण्यावरील उपक्रमांचे नियम पुढे अधिक काटेकोर झाले. १९१९ मध्ये लंडनजवळ गिलवेल पार्क येथे पथकप्रमुखांसाठी खास प्रशिक्षण सुरू झाले. मुलांना रानात नेणाऱ्या प्रौढाने आधी स्वतः शिकले पाहिजे, हा विचार तेथे पक्का झाला.

भारतात मात्र परवानगीचा प्रश्न वेगळाच होता. १९०९ मध्ये बंगळुरूत पहिले पथक निघाले, पण प्रारंभी भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. शिस्त आणि संघटन शिकलेली मुले उद्या राजसत्तेविरुद्ध उभी राहतील, ही भीती त्यामागे होती. त्यावर ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रास येथे स्वतंत्र संघटना उभारली. पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादेत सेवा समितीची बालवीर पथके काढली. मुलांनी परवानगीची वाट पाहिली नाही; त्यांच्या वडीलधाऱ्यांनी नवे दारच उघडले. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले आणि बेझंट यांची संघटना मूळ प्रवाहात सामील झाली. सेवा समिती मात्र बाहेरच राहिली.

१९३७ मध्ये दिल्लीच्या मेळाव्यासाठी ते पुन्हा आले. त्यानंतर भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्यांनी काढलेल्या उद्गारांनी येथील जनमत दुखावले आणि १९३८ मध्ये हिंदुस्तान स्काऊट संघटना उभी राहिली. सर्व देशांतील मुलांना बंधुत्व शिकवणारा हा माणूस साम्राज्याच्या चौकटीतून पूर्णपणे बाहेर पडू शकला नाही. स्वातंत्र्यानंतर मौलाना आझाद, कुंझरू आणि मुंबईचे मंगलदास पक्वासा यांच्या प्रयत्नांनी ७ नोव्हेंबर १९५० रोजी संघटनांचे विलीनीकरण होऊन भारत स्काऊट्स आणि गाइड्सची स्थापना झाली.

हे ऐक्य पाहायला बेडन-पॉवेल नव्हते. अखेरची वर्षे त्यांनी केनियातील न्येरी येथे पत्नी ओलेव्ह यांच्यासमवेत काढली आणि ८ जानेवारी १९४१ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या समाधीशिळेवर एक वर्तुळ आणि त्याच्या मध्यभागी एक टिंब कोरलेले आहे. स्काऊटांच्या मागखुणांत त्याचा अर्थ घरी परतलो असा होतो. मुलांना डोंगरावर धाडून संध्याकाळी दाराशी वाट पाहणाऱ्या प्रत्येक आईवडिलांना हीच खूण हवी असते.