वालचंद, मोटार आणि डायनामोचा लाल दिवा

शिराळ्यातून इंजिनिअरिंगला जायचं म्हटलं की सांगलीच्या वालचंद कॉलेजचं नाव निघतंच. 1947 मध्ये सुरू झालेल्या या कॉलेजला 1955 मध्ये हे नाव मिळालं. पण ज्यांचं नाव मिळालं, ते वालचंद हिराचंद स्वतः कॉलेज अर्धवट सोडलेले होते, हे कितीजणांना माहितीये?

जन्म 1882 चा, सोलापूरचा. घरचा धंदा सावकारी आणि कापसाचा. त्यात त्यांचं मन रमेना. मग रेल्वेत कारकून असलेल्या लक्ष्मणराव फाटकांना भागीदार घेऊन रेल्वेची कंत्राटं सुरू केली. 1919 मध्ये सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून लंडनला निघाली, त्यामागेही हेच गृहस्थ. इंग्रजांच्या बोटींची मक्तेदारी असताना!

पण त्यांची खरी झुंज मोटारीसाठी. इथे मोटारी धावत होत्या, बनत मात्र नव्हत्या. फोर्डशी बोलणी फिसकटली, 1940 मध्ये क्रायस्लर तयार झाली. तोवर महायुद्ध पेटलेलं. इंग्रज सरकारने या कारखान्याला युद्धोपयोगी मानलंच नाही. शेवटी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी राहिली आणि 1947 मध्ये कुर्ल्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. सुट्या भागांच्या पेट्या परदेशातून यायच्या, इथे जोडणी व्हायची. हे सगळे भाग इथेच बनवायचे, हा वालचंदांचा हट्ट.

त्यातला एक भाग म्हणजे डायनामो. क्रायस्लरच्या तेव्हाच्या गाड्यांत सहा व्होल्टची बॅटरी असायची आणि ती चार्ज करायचा डायनामो. इंजिनच्या पट्ट्यावर आर्मेचर चुंबकीय क्षेत्रात फिरतं, त्याच्या तारांत वीज तयार होते. कम्युटेटर आणि कार्बन ब्रश ती एका दिशेने वाहणारी करून बाहेर देतात. गोची अशी की इंजिन हळू फिरलं तर व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी पडतं. मग वीज उलटी बॅटरीतूनच डायनामोत जायला लागेल! म्हणून मध्ये कटआउट. व्होल्टेज पडलं की तो संपर्क तोडतो आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. व्होल्टेज फार चढू नये ते रेग्युलेटर बघतो.

आता समजा, नागपंचमीची गर्दी, पाऊस, शिराळ्याच्या बाजारपेठेत मुंगीच्या पावलांनी सरकणारी जुनी फियाट. वायपर चालू, हेडलाइट चालू, इंजिन आयडलिंगला. म्हणजे खर्च सगळा बॅटरीतून, जमा जवळपास शून्य. दिवे मंदावतात ते यामुळे. मेकॅनिकने आधी पट्ट्याचा ताण आणि ब्रशची झीज बघितली तर तो जाणकार समजायचा.

यावर उत्तर अल्टरनेटर. यात चुंबक फिरतं आणि वीज देणाऱ्या तारा जागेवर राहतात. जड प्रवाह ब्रशमधून न्यावा लागत नाही, त्यामुळे तो जास्त वेगाने फिरवता येतो आणि आयडलिंगलाही चार्जिंग मिळतं. तयार होणारी वीज एसी असते, ती डायोड डीसी करतात. उलटा प्रवाहही डायोडच अडवतात, म्हणजे कटआउटची गरजच संपली.

वालचंद 1950 मध्ये आजारपणामुळे कामातून बाजूला झाले. 8 एप्रिल 1953 ला गुजरातेत सिद्धपूर इथे गेले. त्यांच्या कारखान्याने पुढे फियाटच्या गाड्या बनवल्या, आणि पद्मिनी तर आपल्या आजोबांच्या पिढीने टॅक्सी म्हणून पाहिली. ज्या क्रायस्लरशी त्यांनी पहिला करार केला, तिनेच 1960 च्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर सरसकट बसवला. वालचंदांना जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.