ओलॉफ रुडबेक

ओलॉफ रुडबेक (१६३० – १७ सप्टेंबर १७०२) हे स्वीडनमधील शरीररचनाशास्त्रज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ, स्थापत्यकार आणि पुराणवस्तूंचे अभ्यासक होते. ओलाउस रुडबेक या लॅटिन रूपानेही ते ओळखले जातात. मानवी शरीरातील लसीका वाहिन्यांच्या शोधाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. त्यांचे पुत्रही याच नावाचे शास्त्रज्ञ असल्यामुळे त्यांचा उल्लेख अनेकदा थोरले रुडबेक असा केला जातो.

बालपण आणि शिक्षण

रुडबेक यांचा जन्म वेस्टेरॉस या शहरात झाला. त्यांचे वडील योहानेस रुडबेकियुस हे तेथील बिशप होते. स्वीडनमधील पहिले जिम्नॅशियम, म्हणजे उच्च माध्यमिक विद्यालय, त्यांनीच १६२३ मध्ये स्थापन केले होते. १६४८ मध्ये ओलॉफ यांनी उप्साला विद्यापीठात प्रवेश घेतला व ते वैद्यकाकडे वळले. विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये मांडलेला रक्ताभिसरणाचा सिद्धांत त्या वेळी वादग्रस्त होता. रुडबेक यांनी १६५२ मधील आपल्या प्रबंधात त्याच सिद्धांताचा पुरस्कार केला.

तत्कालीन वैद्यकीय समजूत

गेलेन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या मतानुसार पचलेल्या अन्नाचा रस आतड्यांतून यकृतात जातो आणि तेथे त्याचे रक्त बनते. सुमारे दीड हजार वर्षे हे मत प्रमाण मानले गेले. १६२२ मध्ये इटलीतील गास्पारे असेली यांना कुत्र्याच्या आतड्यांजवळ दुधाळ रसाने भरलेल्या वाहिन्या दिसल्या. परंतु त्या यकृताकडेच जातात असे त्यांनी मानले. फ्रान्समधील झाँ पेके यांनी १६५१ मध्ये दाखवून दिले की, हा रस यकृतात न जाता छातीतील एका मोठ्या वाहिनीतून थेट रक्तप्रवाहात मिसळतो. या वाहिनीस वक्ष लसीका वाहिनी म्हणतात. अन्नरसाचा मार्ग अशा रीतीने उलगडला, तरी उर्वरित शरीरातील लसीका वाहिन्या अज्ञातच होत्या.

लसीका वाहिन्यांचा शोध

रुडबेक यांनी विद्यार्थिदशेतच अनेक प्राण्यांचे विच्छेदन केले. यकृतापासून निघणाऱ्या काही बारीक वाहिन्यांत दुधाळ रस नसून पाण्यासारखा स्वच्छ द्रव असल्याचे त्यांना आढळले. या वाहिन्या बांधून पाहिल्यावर द्रव यकृताकडे येत नसून यकृतापासून दूर वाहतो, हे स्पष्ट झाले. वाहिन्यांच्या आत झडपा असतात आणि त्यांच्यामुळे प्रवाह एकाच दिशेने राहतो, हेही त्यांनी नोंदविले. शरीराच्या इतर भागांतही अशाच वाहिन्या व त्यांना जोडलेल्या ग्रंथी असून हा द्रव अखेरीस वक्ष लसीका वाहिनीतून रक्तात परत येतो, असे त्यांनी दाखविले.

१६५२ च्या वसंत ऋतूत उप्साला येथे राणी क्रिस्टिना यांच्यासमोर त्यांनी कुत्र्याच्या शरीरावर या शोधाचे प्रात्यक्षिक केले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २१ वर्षे होते.

श्रेयाचा वाद

प्रात्यक्षिकानंतर रुडबेक यांनी आपले निष्कर्ष लगेच छापले नाहीत. दरम्यान कोपनहेगन येथील प्राध्यापक थॉमस बार्थोलिन यांनी याच वाहिन्यांचे वर्णन करणारे पुस्तक १६५३ मध्ये प्रसिद्ध केले. रुडबेक यांचे पुस्तक त्यानंतर थोड्याच अवधीने, त्याच वर्षी निघाले. रुडबेक यांनी बार्थोलिन यांचा शोध आपला म्हणून सांगितला, असा आरोप बार्थोलिन यांचे शिष्य मार्टिन बोगडान यांनी केला. रुडबेक यांनीही १६५४ मध्ये तितक्याच तिखट शब्दांत उत्तर दिले.

आज सामान्यतः असे मानले जाते की, दोघांनी हा शोध स्वतंत्रपणे लावला. जाहीर प्रात्यक्षिक प्रथम रुडबेक यांनी केले आणि छापील वर्णन प्रथम बार्थोलिन यांचे निघाले. रुडबेक यांनी सुचविलेले नाव मागे पडले आणि बार्थोलिन यांनी दिलेले लिम्फ हे नाव जगभर रूढ झाले. या वादानंतर रुडबेक यांनी शरीररचनाशास्त्रात फारसे लेखन केले नाही.

उप्साला येथील कार्य

राणीने दिलेल्या शिष्यवृत्तीवर रुडबेक हॉलंडमधील लायडन येथे गेले व तेथे वनस्पतिशास्त्राकडे आकृष्ट झाले. परतल्यावर १६५५ मध्ये त्यांनी उप्साला येथे वनस्पतिउद्यान उभारले. पुढे ते वैद्यकाचे प्राध्यापक आणि विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १६६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी विद्यापीठाच्या गुस्ताव्हियानुम या इमारतीवर घुमट चढवून त्याखाली विच्छेदनगृह बांधले. उतरत्या पायऱ्यांप्रमाणे उभ्या राहण्याच्या जागा असल्यामुळे मागच्या विद्यार्थ्यालाही मधले मेज दिसत असे. हे विच्छेदनगृह आजही पाहावयास मिळते.

उत्तरायुष्य

आयुष्यातील शेवटची अनेक वर्षे त्यांनी अटलांटिका या चार खंडांच्या ग्रंथासाठी वेचली. प्लेटोने वर्णिलेले अटलांटिस म्हणजे स्वीडनच होय, असे प्रतिपादन त्यांनी त्यात केले. जमिनीच्या थरांच्या जाडीवरून प्राचीन अवशेषांचा काळ ठरविण्याची त्यांची पद्धत उल्लेखनीय होती. मूळ सिद्धांत मात्र पुढील अभ्यासकांनी पूर्णपणे नाकारला. विच्छेदनाच्या मेजावर पुराव्यापुढे न जाणारा संशोधक इतिहासात मात्र आपल्या कल्पनेमागे वाहवत गेला, हा त्यांच्या चरित्रातील विरोधाभास आहे.

मे १७०२ मध्ये उप्साला शहरास भीषण आग लागली. वृद्ध रुडबेक यांनी गुस्ताव्हियानुमच्या छपरावर चढून आग विझविणाऱ्यांना मार्गदर्शन केले आणि विद्यापीठाचे ग्रंथालय वाचले. त्यांचे स्वतःचे घर मात्र जळाले. वनस्पतींच्या चित्रग्रंथासाठी तयार केलेले हजारो लाकडी ठसे आणि अटलांटिकाच्या छापील प्रतीही नष्ट झाल्या. त्यानंतर काही महिन्यांतच त्यांचे निधन झाले.

वारसा

ऊतींमध्ये झिरपलेला द्रव गोळा करून रक्तात परत नेणे, आतड्यांतील स्निग्ध पदार्थ वाहून नेणे आणि ग्रंथींमध्ये रोगजंतूंना अटकाव करणे ही लसीका संस्थेची मुख्य कार्ये आज ज्ञात आहेत. हत्तीरोगात पायाला येणारी सूज या वाहिन्यांच्या बिघाडामुळे येते. या सर्व ज्ञानाचा पाया सतराव्या शतकाच्या मध्यावर घातला गेला.

धाकटे रुडबेक हे कार्ल लिनियस यांचे गुरू होते. लिनियस यांनी पिता-पुत्रांच्या सन्मानार्थ एका फुलझाडाच्या प्रजातीस रुडबेकिया हे नाव दिले. रुडबेक यांची कन्या वेंडेला यांच्या वंशात पुढे आल्फ्रेड नोबेल यांचा जन्म झाला.