सूरह अल-माऊनचा धडा : अहमद दहलान (रह.) यांचे जीवनकार्य



घरातील लहान मुलाला नमाज शिकवताना सूरह अल-फातिहानंतर ज्या छोट्या सूरह आपण पाठ करून घेतो, त्यांत सूरह अल-माऊन असतेच. दिव्य कुरआनातील ही 107 वी सूरह अवघ्या सात आयतींची आहे. जिभेला ती सोपी वाटते, म्हणून घाईच्या वेळी आपण अनेकदा तीच निवडतो. आज ज्या थोर शिक्षकाची ओळख आपणांस करून द्यायची आहे, त्यांनी हीच सोपी सूरह शिकवायला घेतली आणि ती सोडून पुढे जाण्यास अनेक दिवस नकार दिला. त्या नकारातून पुढे जे उभे राहिले, त्याचा लाभ शंभर वर्षांनंतर आजही लाखो गरीब, रुग्ण आणि अनाथ घेत आहेत.

हे शिक्षक म्हणजे इंडोनेशियातील मुहम्मदिया संघटनेचे संस्थापक अहमद दहलान (रह.).

बालपण आणि शिक्षण

जावा बेटावरील योग्यकर्ता हे सुलतानांच्या राजधानीचे शहर. तेथील जामा मशिदीला लागून असलेल्या कौमन या मोहल्ल्यात 1868 मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील अबू बकर हे त्या मशिदीचे खतीब होते. मुलाचे नाव मुहम्मद दरवीश असे ठेवण्यात आले. त्या काळी इंडोनेशियावर डचांची सत्ता होती. जावाच्या सुपीक जमिनीतील साखर आणि कॉफी जहाजांतून परदेशी जात होती, आणि ती पिकवणारा शेतकरी मात्र दारिद्र्य, रोगराई व निरक्षरतेत पिचत होता. सुलतानांचे सिंहासन कायम होते. परंतु खरी सत्ता परक्यांच्या हाती होती.

वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, 1883 मध्ये, दरवीश हजला गेले आणि विद्यार्जनासाठी सुमारे पाच वर्षे मक्केत राहिले. परतताना त्यांनी अहमद दहलान हे नाव धारण केले होते. पुढे 1903 मध्ये ते दुसऱ्यांदा मक्केस गेले. तेथे सुमात्राचे विख्यात विद्वान शेख अहमद खतीब अल-मिनंगकाबावी यांच्यापाशी त्यांनी अध्ययन केले. इजिप्तचे मुहम्मद अब्दुह आणि त्यांचे शिष्य रशीद रिदा यांच्या विचारांचाही त्यांच्यावर खोल प्रभाव पडला. मुस्लिमांनी कुरआन व सुन्नतकडे परतावे आणि काळाचे ज्ञानही आत्मसात करावे, हा त्या विचारांचा गाभा होता.

वडिलांच्या निधनानंतर खतीबपदाची जबाबदारी अहमद दहलान यांच्याकडे आली. उपजीविकेसाठी मात्र ते बाटिकच्या, म्हणजे मेणाच्या नक्षीने रंगवलेल्या कापडाच्या, व्यापारावर अवलंबून होते. त्या व्यापारानिमित्त ते गावोगाव फिरत. ज्या हाताने कापड विकले, त्याच हाताने त्यांनी लोकांची अवस्थाही चाचपून पाहिली.

पहिली कसोटी

वाचकहो, समाजाचे भले करू पाहणाऱ्यास पहिला विरोध बहुधा आपल्याच माणसांकडून होतो. अहमद दहलान यांनाही हा अनुभव तरुणपणीच आला. आपल्याकडे किब्ला पश्चिमेस, किंचित उत्तरेकडे आहे. जावामध्ये तो पश्चिमेपासून उत्तरेकडे बराच कललेला आहे. तेथील अनेक मशिदी मात्र सरळ पश्चिमेकडे तोंड करून बांधलेल्या होत्या. अहमद दहलान यांनी भूगोल व खगोलशास्त्राच्या आधारे ही चूक दाखवून दिली. त्यावर विद्वानांची चर्चा झाली. परंतु निर्णय झाला नाही. पुढे त्यांच्या विचारांच्या काही तरुणांनी जामा मशिदीच्या जमिनीवर योग्य दिशेच्या रेघा ओढल्या, तेव्हा मोठाच क्षोभ उसळला. दरम्यान अहमद दहलान यांनी आपली स्वतःची छोटी मशीद योग्य दिशेने बांधून घेतली होती. सुलतानांच्या मुख्य धर्माधिकाऱ्यांच्या हुकुमाने ती पाडून टाकण्यात आली.

हा आघात इतका जिव्हारी लागला, की शहर कायमचे सोडून जाण्याच्या निश्चयाने ते पत्नीसह घराबाहेर पडले. नातलगांनी मनधरणी करून त्यांना परत आणले आणि ती मशीद पुन्हा उभारून दिली. आपण हा प्रसंग मुद्दाम लक्षात ठेवावा. ज्यांना आज थोर समाजसुधारक म्हणून ओळखले जाते, तेही एका क्षणी खचले होते. त्यांना सावरणारे आप्त भेटले, ही अल्लाहची कृपाच होय. आपल्या घरातील किंवा मोहल्ल्यातील एखादा कार्यकर्ता खचला असेल, तर त्याला थोपवून धरणे हेही पुण्याचे काम आहे.

बाकांची शाळा

1911 मध्ये त्यांनी आपल्याच घराच्या बैठकीत शाळा सुरू केली. प्रारंभी विद्यार्थी जेमतेम आठ-दहा होते. त्या शाळेत कुरआन व धार्मिक शिक्षणाबरोबर गणित, भूगोल यांसारखे विषय शिकवले जात. मुले जमिनीवर न बसता बाकांवर बसत आणि समोर फळा असे. एवढ्यावरून गहजब झाला. बाक आणि फळा ही डचांची पद्धत होती. म्हणून अहमद दहलान यांनाच धर्मभ्रष्ट ठरवण्यात आले.

असे सांगतात की, मागेलांग येथील एक मौलवी त्यांना जाब विचारण्यासाठी योग्यकर्ताला आले. शाळेतील बाकांवरून त्यांनी बरेच सुनावले. अहमद दहलान यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि आपण येथवर कसे आलात, अशी विचारपूस केली. पाहुणे आगगाडीने आले होते. ती आगगाडीही परक्यांनीच आणलेली होती, हे त्यांच्या ध्यानी आणून दिल्यावर वाद तेथेच मिटला.

18 नोव्हेंबर 1912 रोजी, म्हणजे हिजरी 1330 च्या जिल्हज महिन्याच्या 8 तारखेस, त्यांनी मुहम्मदिया ही संघटना स्थापन केली. डच सरकारने 1914 मध्ये तिला मान्यता दिली. पण कार्यक्षेत्र केवळ योग्यकर्तापुरते ठेवले. म्हणून इतर गावांतील समविचारी लोकांनी वेगवेगळ्या नावांनी काम चालू ठेवले. संपूर्ण इंडोनेशियात काम करण्याची परवानगी मिळण्यासाठी 1921 साल उजाडावे लागले. मार्ग बंद दिसला म्हणून ते थांबले नाहीत, आणि कायदा मोडून त्यांनी कामही धोक्यात आणले नाही.

न संपणारा धडा

आता आपण त्या सूरहकडे येऊ.

फजरच्या नमाजनंतर अहमद दहलान तरुणांना कुरआनचे अध्यापन करीत. एकदा सूरह अल-माऊनचा धडा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच धडा, तिसऱ्या दिवशीही तोच. दिवसांमागून दिवस गेले तरी पुढची सूरह येईना. अखेर शुजा नावाच्या शिष्याने धीर करून कारण विचारले. ही सूरह तर सर्वांना अर्थासह पाठ झाली होती. त्यावर गुरूंनी त्यांना विचारले, की तिच्यावर अंमल झाला का? शिष्यांनी सांगितले, की आम्ही ती रोज नमाजमध्ये पठण करतो.

पठण म्हणजे अंमल नव्हे, हे गुरूंनी त्यांना स्पष्ट केले. त्यांनी आज्ञा केली, की बाजारात व रस्त्यांवर जा, गोरगरिबांना शोधा, आपल्या घरी आणा, साबण लावून त्यांना स्वच्छ आंघोळ घाला, धुतलेले कपडे द्या, जेवू घाला आणि झोपायला जागा द्या. हे होईपर्यंत धडा बंद. शिष्य उठले आणि शहरभर पांगले.

वाचकहो, या आज्ञेचे मर्म ध्यानात घ्या. भिकाऱ्याच्या हातावर नाणे ठेवल्याने तो दाराबाहेरच राहतो. त्याला आंघोळ घालायची तर त्याला घरात घ्यावे लागते, त्याच्या अंगाला हात लावावा लागतो, त्याच्या जखमा पाहाव्या लागतात. कौमन हा विद्वानांचा व सुखवस्तू व्यापाऱ्यांचा मोहल्ला होता. तेथील तरुणांना पैसे देणे कठीण नव्हते. कठीण होते ते हेच. अनाथाला धक्के देणारा आणि गरिबाच्या अन्नासाठी कोणाला प्रवृत्त न करणारा मनुष्य हाच न्यायदिनाला खोटे ठरवणारा होय, असे ही सूरह बजावते. ज्यांच्या नमाजमध्ये गाफीलपणा व दिखाऊपणा आहे आणि जे साधी मदतही अडवून धरतात, अशा नमाजींना ती कठोर इशारा देते. माऊन म्हणजे शेजाऱ्याला सहज देता येईल अशी नित्य वापरातील वस्तू: चिमूटभर मीठ, पाण्याची बादली, एखादे भांडे. एवढ्या किरकोळ वस्तूवर या सूरहचे नाव आहे, याचा आपण कधी विचार केला आहे काय?

हशा आणि रुग्णालय

एका गरिबाला आंघोळ घालता येते. परंतु तो उद्या आजारी पडला तर त्याला कोठे न्यावे? त्याच्या पश्चात त्याच्या मुलांचे काय? सूरह अल-माऊनचा धडा अशा प्रकारे व्यक्तीकडून संस्थेकडे वळला. जनसामान्यांच्या दुःखनिवारणासाठी मुहम्मदियात एक स्वतंत्र विभाग निर्माण झाला. 1919 मध्ये पूर्व जावातील केलूड ज्वालामुखीचा भीषण उद्रेक होऊन सुमारे पाच हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या काळात आपद्ग्रस्तांच्या मदतीसाठी हे कार्यकर्ते पुढे सरसावले.

1920 मध्ये संघटनेच्या सभेत त्याच शुजांनी आपल्या विभागाची योजना मांडली: गरिबांसाठी रुग्णालय, निराधारांसाठी निवारा आणि अनाथांसाठी आश्रम. ते ऐकताच सभेत हशा पिकला. हातात पैसा नाही, वैद्यक जाणणारी माणसे नाहीत आणि रुग्णालयाच्या गोष्टी! शुजा डगमगले नाहीत. योग्यकर्तात ख्रिस्ती मिशनचे रुग्णालय त्यापूर्वीच चालू होते. इतर समाजांची माणसे हे करू शकतात, तर कुरआनने ज्यांच्यावर अनाथ व गरिबांची जबाबदारी सोपवली, त्या मुस्लिमांना ते का जमू नये, असा त्यांचा सवाल होता. हशा विरला. दुसऱ्याच्या चांगल्या कामाचा मत्सर न करता त्यापासून धडा घेणे, हीसुद्धा गुरूंचीच शिकवण होती.

पैशांची चणचण मात्र कायम होती. एकदा शिक्षकांचे वेतन देण्यासही रक्कम उरली नाही. तेव्हा अहमद दहलान यांनी लोकांना बोलावून आपल्या घरातील सामानसुमान लिलावात काढले, असा प्रसंग सांगितला जातो. लोकांनी चढाओढीने बोली लावून पैसे दिले आणि वस्तू मात्र कोणीही उचलून नेल्या नाहीत. जो स्वतःचे घर रिकामे करण्यास तयार असतो, त्याच्या हाकेला समाज प्रतिसाद देतो.

या सर्व कार्यात त्यांच्या पत्नी सीती वालिदा यांचा वाटा फार मोठा आहे. बाटिकच्या कारखान्यांत दिवसभर राबणाऱ्या गरीब स्त्रियांना त्या मगरिबनंतर कुरआन व लिहिणे-वाचणे शिकवीत. 1917 मध्ये स्त्रियांची आयशिया ही संघटना उभी राहिली. हजरत आयशा (रजि.) यांच्या नावाने सुरू झालेल्या या संघटनेने 1919 मध्ये बालवाडीही काढली. पतीच्या निधनानंतरही सीती वालिदा दोन दशकांहून अधिक काळ कार्यरत राहिल्या.

अखेरचे दिवस

सततच्या श्रमांनी अहमद दहलान यांची प्रकृती ढासळली. पत्नीने विश्रांतीचा आग्रह धरला. परंतु पाया आपण आताच घातला नाही तर पुढच्यांना काम अधिक जड जाईल, अशी त्यांची धारणा होती. 15 फेब्रुवारी 1923 रोजी योग्यकर्तात गरिबांसाठी एक छोटा दवाखाना उघडला. सभेत ज्याची थट्टा झाली होती, ते स्वप्न तीन वर्षांच्या आत साकार झाले. त्यानंतर अवघ्या आठ दिवसांनी, 23 फेब्रुवारी 1923 रोजी, अहमद दहलान अल्लाहच्या दरबारी रुजू झाले. तेव्हा त्यांचे वय 54 वर्षांचे होते.

आठ दिवस! आयुष्यभराच्या कष्टांचे एवढेच फळ त्यांच्या डोळ्यांना दिसले. आज मात्र मुहम्मदियाची शंभराहून अधिक रुग्णालये, शेकडो अनाथाश्रम, हजारो शाळा आणि अनेक विद्यापीठे आहेत. तो छोटा दवाखाना आता योग्यकर्तातील एक मोठे रुग्णालय आहे. इंडोनेशियाने 1961 मध्ये अहमद दहलान यांना आणि 1971 मध्ये सीती वालिदा यांना राष्ट्रीय वीराचा सन्मान दिला. परंतु खरा मोबदला या सन्मानांत नाही. मनुष्याच्या मृत्यूनंतरही ज्या कर्मांचे पुण्य थांबत नाही, त्यांत सदका-ए-जारियाची गणना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी केली आहे. ते पुण्य डोळ्यांनी पाहण्यासाठी कर्त्याने जिवंत असावे लागत नाही.

बंधू-भगिनींनो, आपल्या गावात रुग्णालय उभारण्याचे सामर्थ्य आज कदाचित आपल्यापाशी नसेल. अहमद दहलान यांच्यापाशीही ते नव्हते. त्यांनी प्रथम दिले ते साबण, कपडे आणि ताटभर अन्न. आपल्या मोहल्ल्यात वडिलांचे छत्र हरपलेले मूल कोणते? त्याच्या शाळेची फी कोण भरते? कोणती वृद्ध विधवा औषधाविना पडून आहे? आज रात्री इशाच्या नमाजमध्ये सूरह अल-माऊन आपल्या ओठांवर येईल, तेव्हा हे प्रश्न स्वतःला विचारा. आणि धडा अपुरा असल्याचे जाणवले, तर उद्या फजरनंतर घरातील मुलांना सोबत घेऊन त्यांपैकी एका दारावर जा.

अल्लाह अहमद दहलान (रह.) व सीती वालिदा (रह.) यांचे कार्य स्वीकारो आणि आपण पठण करतो त्यावर अंमल करण्याचे सामर्थ्य आपणा सर्वांना देवो. आमीन.