पाचगणीत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी आणि सुरुवातीला कुणालाच नको असलेला 'क्वीन'चा पहिला अल्बम

मुंबईहून पाचगणीला निघालेली गाडी आज एक्स्प्रेसवे संपला की रावेतच्या बाजूने बायपासला लागते आणि घाट चढून पाचगणीत पोहोचते. १९५०च्या दशकात हा प्रवास एवढा सोपा नव्हता. झांझिबारहून एकट्याने शिकायला येणाऱ्या आठ वर्षांच्या मुलासाठी तर नव्हताच. आधी बोटीने मुंबई, मग पुणे आणि मग पाचगणीचा घाट. त्या मुलाचं नाव होतं फारुख बलसारा. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी या नावाने ओळखलं.

फारुखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात झाला. गुजरातेतलं बलसार, म्हणजे आजचं वलसाड, हे घराण्याचं मूळ गाव आणि आडनावही त्यावरूनच आलेलं. वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत खजिनदार होते. त्यांनी मुलाला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला ठेवलं. सुट्टीत मुंबईला नातेवाइकांकडे राहायचं, एरवी शाळेत. 'फ्रेडी' हे नाव त्याला इथेच मिळालं. वरच्या जबड्यात जास्तीचे दात असल्यामुळे पुढे आलेले दात हा चिडवण्याचा हक्काचा विषय होता, त्यावरून मुलं त्याला 'बकी' म्हणायची. हे दात त्याने आयुष्यभर सरळ करून घेतले नाहीत, कारण त्याने आवाज बदलेल अशी भीती त्याला वाटायची.

पाचगणीत तो पियानो शिकला. रेडिओवर ऐकलेलं गाणं थोड्या वेळात पियानोवर वाजवून दाखवायचा. बाराव्या वर्षी त्याने चार मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ही मुलं शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायची. गंमत म्हणजे या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हताच, तो पियानो वाजवायचा! त्या चौघांपैकी एकाने पुढे पुण्यात सिझलर्सचं हॉटेल चालवलं आणि एक जण नेपाळच्या सैन्यात मोठा अधिकारी झाला.

१९६३मध्ये फ्रेडी झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६४मध्ये तिथे रक्तरंजित क्रांती झाली आणि बलसारा कुटुंबाला घरदार सोडून इंग्लंड गाठावं लागलं. हिथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टममध्ये त्यांनी घर केलं. फ्रेडीने विमानतळावर सामान उचलायचं काम केलं, आर्ट कॉलेजात ग्राफिक डिझाइन शिकला, केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुने कपडे विकले. मध्ये दोन-तीन बँड झाले आणि मोडले. १९७०मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर यांच्याबरोबर त्याने नवा बँड उभा केला. 'क्वीन' हे नाव त्यानेच सुचवलं. पुढच्या वर्षी बासवादक जॉन डीकन आला. बँडचं चिन्हही फ्रेडीने स्वतः काढलं. चौघांच्या राशी घेतल्या : दोन सिंह, एक खेकडा आणि कन्या राशीसाठी दोन पऱ्या. कन्या रास अर्थातच त्याची!

आता त्या अल्बमकडे येऊ. १९७१मध्ये एका नव्या स्टुडिओला आपली यंत्रं तपासायला कुणीतरी जोरात वाजवणारा बँड हवा होता. क्वीनने ते काम केलं आणि बदल्यात पाच गाण्यांचं चांगलं रेकॉर्डिंग मिळवलं. पण ते ऐकून एकाही कंपनीने मनाजोगा करार दिला नाही. शेवटी लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओने त्यांना हाताशी धरलं, तेही एका अटीवर. बीटल्स, डेव्हिड बोवी, एल्टन जॉन यांच्यासारख्यांनी रेकॉर्डिंग केलेला हा स्टुडिओ. तिथे पैसे भरणारे कलाकार निघून गेले की जो रिकामा वेळ उरेल, तोच क्वीनचा. म्हणजे बहुतेक वेळा मध्यरात्र ते पहाट. कधी दोन तास मिळायचे, कधी काहीच नाही. अशा तुकड्यातुकड्यांत १९७२चे कित्येक महिने गेले.

मधल्या काळात ट्रायडंटच्याच एका इंजिनिअरसाठी फ्रेडीने एक जुनं गाणं गाऊन दिलं. ते 'लॅरी ल्यूरेक्स' या टोपणनावाने बाजारात आलं आणि पडलंही.

अल्बम तयार झाल्यावरही तो काढायला कंपनी मिळेना. अखेर ईएमआयने होकार दिला आणि १३ जुलै १९७३ रोजी 'क्वीन' ब्रिटनमध्ये आला. मुखपृष्ठावर प्रकाशझोतात उभा असलेला फ्रेडी. दहापैकी पाच रचना त्याच्या. 'माय फेअरी किंग' या गाण्यात त्याने 'मर्क्युरी' हा शब्द वापरला होता. ब्रायन मे यांच्या म्हणण्यानुसार त्यावरूनच त्याने बलसारा सोडून हे आडनाव घेतलं.

आणि विक्री? पहिलं सिंगल 'कीप युअरसेल्फ अलाइव्ह' ब्रिटनच्या यादीत आलंच नाही. रेडिओवाल्यांनी ते फारसं वाजवलं नाही. अल्बमही यादीबाहेर राहिला. खरं कारण उशिराचं होतं. लिहून दोन-तीन वर्षं झालेली गाणी बाजारात आली तेव्हा ग्लॅम रॉकची लाट ऐन भरात होती आणि हे उशिरा आलेले नकलाकार आहेत असं काही समीक्षकांना वाटलं. बीबीसीच्या एका टीव्ही कार्यक्रमाकडे तर नाव न छापलेली पांढरी प्रत पोहोचली. त्यांनी जुन्या कार्टून फिल्मवर गाणं लावलं आणि हा बँड कोणता, अशी चौकशी सुरू झाली. अमेरिकेत अल्बम ८३व्या क्रमांकापर्यंत गेला.

कलाटणी पुढच्या वर्षी मिळाली. फेब्रुवारी १९७४मध्ये बोवीच्या जागी ऐनवेळी क्वीनला 'टॉप ऑफ द पॉप्स'वर बोलावलं गेलं. 'सेव्हन सीज ऑफ राय' हे गाणं दहाव्या क्रमांकावर पोहोचलं. पहिल्या अल्बमच्या शेवटी याच गाण्याचा अर्धवट तुकडा वाजतो! दुसरा अल्बम गाजला आणि लोक मागे वळून पहिला विकत घेऊ लागले. तो २४व्या क्रमांकावर चढला. अमेरिकेत त्याला पाच लाख प्रतींची 'गोल्ड' मान्यता मिळायला मात्र १९७७ उजाडलं.

यशाबरोबर पैसा आला असेल असं वाटेल, पण तसं नव्हतं. यादीत गाणी असतानाही चौघांना ट्रायडंटकडून आठवड्याला साठ पौंडांच्या आसपास पगार मिळायचा. १९७५मध्ये त्या करारातून सुटण्यासाठी क्वीनला एक लाख पौंड आणि पुढच्या सहा अल्बमवर एक टक्का रॉयल्टी द्यावी लागली. त्याच वर्षी 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आलं आणि नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. मग पैशांची अडचण उरली नाही.

१३ जुलै १९८५ रोजी वेम्बलीच्या 'लाइव्ह एड'मध्ये फ्रेडीने वीसेक मिनिटांत सगळं स्टेडियम ताब्यात घेतलं. पहिल्या अल्बमला त्या दिवशी बरोबर बारा वर्षं झाली होती. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, एड्स झाल्याचं जाहीर केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तो गेला. वय अवघं ४५. अंत्यविधी झोरोस्ट्रियन धर्मगुरूंनी केले.

त्या पहिल्या अल्बममधून 'मॅड द स्वाइन' हे फ्रेडीचं एक गाणं ड्रम्सच्या आवाजावरून झालेल्या वादात वगळलं गेलं होतं. ते लोकांसमोर आलं १९९१मध्ये, तो गेला त्याच वर्षी. २०२४मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांनी अल्बमचा आवाज नव्याने घडवून तो 'क्वीन १' नावाने पुन्हा काढला आणि तेव्हा हे गाणं मूळ ठरलेल्या जागी, चौथ्या क्रमांकावर ठेवलं.